मिजाज आणि हाल

हुरड्याचं बोलावणं आश्रुबांचं होतं, पण आगटी कुठं पेटवायची हे चतुराबाईनं ठरवलं. उमापूरच्या त्या मळ्यात सकाळी वारा गोदावरीच्या अंगानं येतो आणि ऊन चढलं की फिरतो, हे तिला चौदा वर्षांत पाठ झालं होतं. म्हणून तिनं गोवऱ्यांची पाटी आंब्याखाली न ठेवता बांधाच्या खालच्या बाजूला ठेवली आणि नवऱ्याची घोंगडी वरच्या बाजूला अंथरली. कुणी विचारलं असतं तर तिनं उन्हाचं निमित्त सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

माघ लागला होता. शाळूची कणसं दुधात भरली होती. आश्रुबा आगटीपाशी उकिडवे बसून एकेक कणीस निखाऱ्यात खुपसत होते. ते घरातले थोरले. वडील गेले तेव्हा धाकटे सुंदरराव, म्हणजे चतुराबाईचे मालक, आठ वर्षांचे होते. त्यांना गेवराईला शिकायला ठेवलं ते आश्रुबांनीच. शेजारी त्यांची बायको केसरबाई भाजलेली कणसं तळहातावर चोळून गरम दाणे सुपात पाखडत होती. आणि सुंदरराव घोंगडीवर ताठ बसले होते. अठरा वर्षं सरकारी शाळेत मास्तरकी केलेला माणूस शेतातसुद्धा वर्गात बसल्यासारखा बसतो, असं केसरबाई हसून म्हणाली. चतुराबाईही हसली. वाकलं की त्यांना दम लागतो, हे तिनं सांगितलं नाही.

दिवाळीपासून शाळा सुटली होती. दम्यानं वर्षाला थोडं थोडं करून मास्तरांचा आवाज नेला, मग जिना नेला, मग शाळेपर्यंतची वाट नेली. शेवटी गेवराईच्या कचेरीबाहेर चटई टाकून अर्ज लिहिणारे मकसूदमियाँ म्हणाले की, दुखण्यानं नोकरी होत नसली तर सरकार डॉक्टरच्या दाखल्यावर वजीफा देतं, महिन्याच्या महिन्याला, जन्मभर. अर्ज गेला. पौषात बीडहून बोलावणं आलं. मास्तर डॉक्टरसाहेबाला तब्येत दाखवून आले. त्यानंतर महिना होत आला, उत्तर नव्हतं.

निदान चतुराबाईला तसं वाटत होतं.

मकसूदमियाँ तट्टावरून उतरले तेव्हा सूप अर्धं भरलं होतं. त्यांनी तट्टू बाभळीला बांधलं, पायताण काढलं आणि आगटीपाशी न बसता थेट घोंगडीकडं गेले.

"या मकसूदमियाँ," आश्रुबा म्हणाले. "तुमच्यासाठीच गोड वाणाची कणसं काढून ठिवलीत."

"खातो आप्पा, खातो. आधी मास्टरला एक पुसतो." त्यांनी सुंदररावांकडं पाहिलं. "लिफाफा आला का न्हाई?"

सुंदरराव तळहातावरचे दाणे निवडत राहिले.

"मी काल कचेरीत नक्कल बगितली. आठ दिवस झाले तुमच्या नावानं टपालात पडून. आला आसंल तर द्या मास्टर, येळ न्हाई आपल्यापशी."

सुंदररावांनी डाव्या हातानं कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला. चार घड्यांचा कागद होता, आणि घड्या मऊ पडल्या होत्या. चतुराबाईनं ते पाहिलं. कागद एकदा वाचून ठेवला की घडी कडक राहते. हा कागद रोज उघडला गेला होता.

मकसूदमियाँनी तो वाचला. आधी मनात, मग मोठ्यानं, आणि मग मराठीत.

"लिहिलंय, दरख्वास्तगुजार, म्हंजी अर्ज करणारा, तपासणीच्या येळी तंदुरुस्त आढळला. खुद उसके बयान के मुताबिक, म्हंजी त्याच्याच सांगण्यावरून, तो खैरियत से है. सबब वजीफा नामंजूर. महिन्याच्या आत कामावर रुजू व्हावं, न्हाईतर नाव कमी करण्यात येईल."

"नाव कमी म्हंजी?" आश्रुबांनी विचारलं.

"म्हंजी नोकरी गेली, वजीफा बी गेला. अठरा वर्सं पाण्यात."

आगटीतलं एक कणीस फुटून तडतडलं. ते काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"त्याच्याच सांगण्यावरून?" आश्रुबा सुंदररावांकडं वळले. "काय सांगितलंस बे तू साहेबाला?"

"काई न्हाई."

"काई न्हाई कसं? कागद बोलायलाय."

सुंदररावांनी एक श्वास घेतला, मग दुसरा. त्यांना बोलायला लागणारा वेळ सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून सगळे थांबले.

"दवाखान्याच्या पायऱ्या चढून दम लागलता," ते म्हणाले. "धापा टाकत साहेबापुढं जावं, ते बरं दिसत न्हाई. म्हणून ओट्यावर घटकाभर बसलो. श्वास जाग्यावर आला, मंग आत गेलो. साहेबांनी पुसलं, मिजाज कैसा है? मी म्हणलं, आपकी दुआ से बिलकुल खैरियत है."

"आन् मंग?"

"मंग त्यांनी नळी लावली. लिहून घेतलं. मी सलाम केला."

मकसूदमियाँनी कपाळाला हात लावला. "या अल्ला. मास्टर, ते इलाजाचं इचारत होते."

"मिजाज पुसला त्यांनी. मिजाजाला दुसरं उत्तर हाय का? पैलीच्या पोराला बी इचारा." सुंदररावांच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं. "मीच शिकवलंय त्यांना. थोर माणसानं मिजाज पुसला तर आपलं रडगाणं गाऊ ने."

केसरबाईला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला. "आमच्या ह्यांचं बी तसंच. पाय मोडला तवा जावायानं इचारलं, कसं काय मामा? तर खाटंवर पडून म्हणले, बरं हाय, तुमचं कसं?"

आश्रुबाही क्षणभर हसले. चतुराबाई हसली नाही. ती त्या मऊ घड्यांकडं पाहत होती.

"आठ दिवस कावून दडवून ठिवला?" ती हळूच नवऱ्याला म्हणाली.

कागद परत घेताना सुंदररावांनी तो ज्या मायेनं घडीवर घडी घालून दुमडला, त्यावरून तिला समजलं. सरकारच्या शाईत, सरकारच्या शिक्क्याखाली, ते धडधाकट असल्याचं लिहिलं होतं. गेल्या तीन वर्षांत तसं दुसरं कुणी म्हणालं नव्हतं. तिला त्यांचा राग यायला हवा होता. तिनं फक्त घोंगडीचं टोक ओढून त्यांच्या पायांवर घेतलं.

"एक वाट हाय," मकसूदमियाँ म्हणाले. "नजरसानीचा अर्ज. म्हंजी साहेबानं पुन्ना बगावं. मी लिहून आणलाय, मास्टरची सही पायजे. तोच साहेब जुमेरातीला गेवराईला दौऱ्यावर येतोय, मुसाफिर बंगल्यात बसंल. परवाच्या गुरुवारी. पर तिसऱ्यांदा बगत न्हाईत, ध्यानात ठेवा. ह्या टायमाला साहेबाला हाल सांगा. सगळे हाल सांगा."

आश्रुबांचा हात निखाऱ्यावरच थांबला.

"हाल?" ते म्हणाले. "कुणाचे हाल? माझ्या घरात माझ्या भावाचे हाल हायत?"

"तसं न्हाई आप्पा—"

"दिवाळीपासून घरी बसून हाय तो. दूध हाय, तूप हाय. त्याच्या वाटणीचं रान मी पिकवतो आन् धान्य त्याच्या कणगीत घालतो. कुणी हाल केले ते एकदा नाव घेऊन सांगा."

"आप्पा, आमच्या बोलीत हाल म्हंजी नुसती हालत. तब्येत कशी हाय ते."

"आमच्या बोलीत हाल म्हंजी हाल." आश्रुबा उठून उभे राहिले. "मला तर पैल्यापासून हे पटलेलं न्हाई. सरकारापुढं उभं ऱ्हाऊन म्हणायचं, मी निकामी हाय, मला खायला द्या. लोक काय म्हणतील? थोरल्यानं धाकट्याला सांभाळलं न्हाई, म्हणून त्यो वजीफा मागायला गेला. ऱ्हाऊ द्या ती नोकरी. नाव कमी करायलेत तर करू द्या. ह्या घरात त्याचं नाव कोण कमी करतंय?"

चतुराबाईनं मान खाली घातली. भायाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, ती कधी बोलली नव्हती. त्या घरची रीत तशी होती. सांगायचं ते जावेला सांगायचं, आणि भायानं ते ऐकायचं. चौदा वर्षं तिचं सगळं बोलणं केसरबाईच्या दारातून आत गेलं होतं.

"बाई," ती आताही केसरबाईलाच म्हणाली, "सांगा त्यांना, आप्पांच्या मायेत खोट न्हाई. पर हे रातंदीस शाळेचा इचार करतेत. अठरा वर्सं मानानं कमावलं. वजीफा त्याचाच हाय. खैरात न्हाई."

"ऐकलं मी," आश्रुबा तिच्याकडं न पाहता म्हणाले. "तिला म्हणावं, भावाच्या घरचं खायला कमीपणा हाय का?"

केसरबाईनं सूप खाली ठेवलं. तिचा स्वभाव नवऱ्याच्या शब्दाला शब्द जोडण्याचा होता. सगळ्यांना वाटलं, ती आता तेच करील.

"कमीपणा हाय," ती म्हणाली.

आश्रुबा तिच्याकडं पाहतच राहिले.

"माझा बाप आजारी पडला तवा आमी चुलत्याच्या घरी ऱ्हायलो," केसरबाई म्हणाली. तिचं तिलाच आठवत असावं, कारण ती कुणाकडं पाहत नव्हती. "चुलता देवमाणूस. कदी बोल्ला न्हाई. पर माझी माय चुलतीपाशी मीठ मागायला जायची ना, तवा दाराशी उबी ऱ्हाऊन आधी खाकरायची. सोताच्या दिराच्या घरात. मी लहान होते, पर ते खाकरणं मला अजून ऐकू येतं. ही चतुरा गेल्या पंदरवड्यात दोनदा माझ्या चुलीपाशी तशीच खाकरलीय. मी काई बोल्ले न्हाई तिला. तुमाला आज सांगते."

चतुराबाईचे डोळे भरले. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

आश्रुबा पुन्हा खाली बसले. करपलेलं कणीस त्यांनी काढून बाजूला टाकलं.

"त्या कागदात," सुंदरराव अखेर म्हणाले, "मंजूर झाला तर काय लिहितेत, मकसूदमियाँ?"

"माजूर लिहितेत."

"तेच," सुंदरराव म्हणाले. "माजूर. पांगळा. आंधळा. कोपऱ्यात बसवून ठिवलेला. पोरं इचारतील, आमचे मास्तर काय झाले? तर माजूर झाले."

मकसूदमियाँ त्यांच्याजवळ घोंगडीवर बसले. ते अठरा वर्षांपूर्वी मास्तरांच्या पहिल्या नेमणुकीचा अर्ज लिहिणारे गृहस्थ होते, आणि अर्ज लिहिणाऱ्याला शब्द जपून वापरावे लागतात.

"मास्टर, तुमी फारशी भाषा शिकलेले, आन् मी तुमाला सांगू? उज्र पासून माजूर. उज्र म्हंजी सबब. ज्याची सबब ऐकून घेतली, खरी मानली, तो माजूर. पांगळं-बिंगळं लोकांनी मागून केलं. तुमचं एखादं पोरगं उशिरा येतं, म्हणतं, मास्तर, वड्याला पाणी होतं. तुमी म्हणता, बरं, बस. झालं की. ते पोरगं माजूर."

सुंदररावांनी तो शब्द मनात उलटसुलट करून पाहिला. एखाद्या हुशार पोरानं पाटीवर आपल्याला न सुचलेली रीत मांडावी तसं त्यांना झालं.

"बरं बस," ते स्वतःशीच म्हणाले. मग हात पुढं केला. "द्या अर्ज. सही करतो."

*

सही झाली, पण अडचण पुढंच होती, आणि ती सर्वांत आधी विमलला दिसली. विमल सुंदररावांची मुलगी, नऊ वर्षांची. तिचं सगळं शिक्षण बापाच्या मांडीवर झालेलं, त्यामुळं चूक धरण्यात ती बापासारखीच कडक होती.

"पर आबा परत तसंच म्हणतील," ती गुळाचा खडा गालात ठेवून म्हणाली.

"न्हाई म्हणणार," सुंदरराव म्हणाले.

"म्हणून दाखवा."

तिनं बापाचा रुमाल उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. तो डोळ्यांवर आला. तिनं तो मागं सारला, कणसाचा दांडा लेखणीसारखा धरला आणि घसा खाकरून म्हणाली, "मास्टर साहब, मिजाज कैसा है?"

"आपकी दुआ से—" सुंदरराव म्हणाले आणि थांबले.

"चूक," विमल म्हणाली. "परत."

केसरबाई पोट धरून हसली. आश्रुबांनी हसू लपवायला आगटी फुंकली.

"मिजाज कैसा है?"

सुंदररावांनी तयारी केली. ओठ मिटले, उघडले. आणि तोंडातून बाहेर आलं ते, "मेहरबानी है."

"आबा, तुमी ध्यानच देईना गेलात."

"तसं न्हाई गं. तू मराठीत इचार. मराठीत जमंल."

"कसं काय मास्तर?"

"बरं हाय," सुंदरराव म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. हसण्यानं खोकला आला. खोकला लांबला. चतुराबाई त्यांच्या पाठीमागं जाऊन बसली आणि पाठीला हात लावून राहिली. चोळला नाही, नुसता लावला, कारण चोळलं की त्यांना आणखी खोकला लागायचा. विमलनं रुमाल काढून मांडीवर घेतला. सगळ्यांनी दुसरीकडं पाहिलं. खोकला थांबेपर्यंत मकसूदमियाँ तट्टाचं दावं पुन्हा बांधत होते.

सुंदरराव डोळे मिटून बसले होते. त्यांना वर्ग आठवत होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक युक्ती काढली होती. पाढे म्हणता म्हणता श्वास संपला की ते तर्जनी वर करायचे, आणि पोरं पुढची ओळ उचलायची. तर्जनी खाली आली की थांबायचं. तीन बोटं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पोरांना तो खेळ वाटायचा. गेल्या साली तपासणीला आलेल्या साहेबांनी पाहिलं, मास्तर गप्प उभे आहेत आणि चाळीस पोरं एका सुरात औटकी, साडेतीनचा पाढा, म्हणतायत. त्यांनी शेरा मारला होता: शिस्त उत्तम. सुंदररावांना तेव्हा अभिमान वाटला होता. आता वाटलं, आपण सगळ्यांना फार चांगलं फसवलं. स्वतःला तर सगळ्यात चांगलं.

पण खरं सांगायची सवय जिभेला नव्हती. वाईट बोलायची जशी नव्हती, तशीच हीसुद्धा नव्हती. त्यांना ते उद्धटपणासारखं वाटत होतं.

"आबा," विमल जवळ येऊन हळूच म्हणाली, "जमंल तुमाला. मला बी औटकी यायची न्हाई."

*

गुरुवारी बैलगाडी आश्रुबांनी स्वतः हाकली. गडी होता, पण ते म्हणाले, रस्ता खराब आहे, मीच येतो. त्यांचं मन अजून वळलं नव्हतं. भाऊ सरकारात हात पसरायला जाणार असेल तर त्याला एकटं पाठवायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. केसरबाईनं गाडीत कडबा जास्त टाकला, वर गोधडी अंथरली.

मुसाफिर बंगल्याच्या ओट्यावर माणसं बसली होती. मकसूदमियाँ आधीच पोचले होते. त्यांनी मास्तरांना ओट्यावर बसू दिलं नाही.

"श्वास घेऊ नका मास्टर," ते म्हणाले. "म्हंजी घ्या, पर बसून जाग्यावर आणू नका. तसंच चला आत."

सुंदरराव तसेच आत गेले. आश्रुबा दाराच्या आत भिंतीला लागून उभे राहिले. चतुराबाई बाहेर, दाराच्या आडोशाला, पदर कपाळाखाली ओढून. परक्या साहेबापुढं बाईनं जायचं नव्हतं, आणि भायाच्या शेजारी तर नाहीच.

डॉक्टरसाहेब वयस्क होते, पांढऱ्या दाढीचे, थकलेले. सकाळपासून त्यांनी बरीच माणसं पाहिली असावीत. त्यांनी कागद चाळला, वर पाहिलं आणि ओळखलं. चेहऱ्यावर जुन्या ओळखीचं, अदबशीर हसू आलं.

"आइये मास्टर साहब. तशरीफ रखिये. मिजाज कैसा है?"

आश्रुबांना दिसलं, भावाची पाठ सरळ झाली. दुसरं काही नाही, फक्त पाठ सरळ झाली. लहानपणी शाळेतून येऊन तो धडा म्हणून दाखवायचा तेव्हा अशीच व्हायची.

"आपकी दुआ से," सुंदरराव म्हणाले, "खैरियत है."

मकसूदमियाँनी डोळे मिटले. डॉक्टरसाहेबांनी मान हलवली आणि टाक दौतीत बुडवला.

सुंदरराव त्या टाकाकडं पाहत होते. त्यांना सगळं कळत होतं. उत्तर चुकलं हे पोराला कळावं तसं कळत होतं, आणि तोंड उघडत नव्हतं.

"आप्पा."

आश्रुबांनी आजूबाजूला पाहिलं. आवाज दाराच्या आडोशाकडून आला होता. तो त्यांना अनोळखी वाटला, कारण त्या आवाजानं त्यांना कधी हाक मारली नव्हती.

"आप्पा," चतुराबाई म्हणाली. पदराखालचा तिचा चेहरा दिसत नव्हता. दाराच्या चौकटीवर ठेवलेली बोटं तेवढी दिसत होती. "साहेबांना म्हणा, ह्यांना इचारा. रातच्याला झोपता कसं, तेवढंच इचारा."

आश्रुबांनी चौदा वर्षांत भावजयीचं सांगणं असं थेट ऐकलं नव्हतं. त्यांना क्षणभर काय करावं ते समजेना. मग त्यांनी रुमाल काढून हातात घेतला आणि दोन पावलं पुढं झाले.

"साहेब, माफी असावी. मी ह्याचा थोरला भाऊ. ह्याला एक इचारा. झोपतो कसा, ते इचारा."

ते बोलले आणि त्यांच्या लक्षात आलं की, त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. एका छपराखाली राहून.

डॉक्टरसाहेबांनी टाक तसाच धरला. एकदा आश्रुबांकडं, एकदा दाराकडं पाहिलं. मग मास्तरांना, यावेळी हळू, विचारलं, "मास्टर साहब, आप सोते कैसे हैं?"

मिजाजाला उत्तर ठरलेलं होतं. याला नव्हतं. हे कुठल्या धड्यात नव्हतं, आणि विचारणाऱ्यानं खरोखर विचारलं होतं.

"बैठ के," सुंदरराव म्हणाले.

डॉक्टरसाहेब पुढं वाकले.

"कब से?"

"तीन साल." मग ते मराठीतच बोलू लागले, कारण श्वास थोडा होता आणि उर्दूला तो जास्त लागायचा. "भिंतीला टेकून बसतो, साहेब. ही माझ्या पाठीशी उशी होऊन बसते. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यावानी होतं. घरात कुणाला ठाव न्हाई. आमी सगळ्यांच्या आधी उठतो, म्हणून."

मकसूदमियाँ उर्दू करून सांगू लागले, पण डॉक्टरसाहेबांनी हात वर केला. त्यांना समजलं होतं.

"तो पिछली बार क्यों नहीं कहा?"

"हुजूरनी मिजाज पुसला होता," सुंदरराव म्हणाले. "हाल नहीं."

डॉक्टरसाहेबांच्या दाढीत काहीतरी हललं. त्यांनी टाक खाली ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि स्वतः उठून मास्तरांच्या कोटाची बटणं सोडायला मदत केली. नळी पुढून लावली, मागून लावली. बराच वेळ. शाळेत कसं चालायचं ते विचारलं, तेव्हा सुंदररावांनी बोट वर करून दाखवलं. ते बोट वर करून थांबले आणि सवयीनं वाट पाहिली, जणू आता चाळीस आवाज पुढची ओळ उचलतील. बंगल्यात ती उचलणारं कुणी नव्हतं. बाहेर बैलांच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली.

"बस, मास्टर साहब," डॉक्टरसाहेब म्हणाले. "आता हात खाली घ्या."

त्यांनी लिहिलं. वेळ घेऊन लिहिलं. मकसूदमियाँ वाकून उलट्या बाजूनं वाचत होते. त्यांना उलटं वाचायची सवय होती. एका शब्दापाशी त्यांनी मास्तरांकडं पाहून मान हलवली.

"हैदराबादहून हुकूम यायला दोन-तीन महिने लागतील," डॉक्टरसाहेब म्हणाले. "येईल. खुदा हाफिज."

सुंदररावांनी सलाम केला. दारातून बाहेर येताना त्यांनी चतुराबाईकडं पाहिलं, आणि तिनं पदर होता तिथून बोटभर मागं घेतला.

*

उमापूरच्या वाटेला गाडी लागली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आश्रुबा पुढं बसून हाकत होते. मागं गोधडीला टेकून सुंदरराव, आणि त्यांच्या मागं, पाठीला पाठ लावून, चतुराबाई. आश्रुबांनी एकदा वळून पाहिलं. दोघं तशी कधीपासून बसत असतील, याचा हिशेब त्यांनी केला नाही. फक्त घरातल्या ओसरीचा कोपरा त्यांना आठवला, जिथं पहाटे रोज एक गोधडी घडी घालून ठेवलेली असायची आणि त्यांना वाटायचं, धाकटा लवकर उठतो, शिस्तीचा आहे.

दोन शेतं मागं पडली. मग आश्रुबांच्या तोंडात जे नेहमी असतं तेच आलं.

"कसं काय, सुंदर?"

"बरं—" सुंदरराव म्हणाले.

चाकं चार वेळा फिरली असतील.

"दम लागलाय, आप्पा," ते म्हणाले. "गाडी लई हादरायलीय. जरा हळू घ्या."

आश्रुबांनी कासरा ओढला. बैलांनी मान वळवून पाहिलं आणि चाल कमी केली.

"आप्पा," मागून चतुराबाई म्हणाली, "म्होरं चिंचंखाली सावली हाय. थितं घटकाभर सोडा बैलं."

"सोडतो, बाई," आश्रुबा म्हणाले.

चिंचेखाली त्यांनी गाडी थांबवली. जू उतरवून ठेवलं आणि ते भावाशेजारी येऊन बसले, त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत.